जुनं आणि नवं इंग्रजीत कसं सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमात शिकलेल्या आणि आता नोकरीत, धंद्यात किंवा परदेशातल्या नातवंडांशी बोलताना इंग्रजीची गरज पडणाऱ्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवते. अवघड शब्द ही मंडळी कोश उघडून पाठ करतात. गाडी अडते ती ‘ओल्ड’ आणि ‘न्यू’ या दोन सोप्या शब्दांशी. कारण इंग्रजीत एखादी वस्तू किती जुनी हे सांगायला जो वाक्प्रचार निवडाल, तो तिची किंमतही ठरवून मोकळा होतो. म्हणून खालची उत्तरं वाचताना प्रत्येक वाक्प्रचाराला एवढंच विचारा: हा मान देतोय, की मोडीत काढतोय?

‘ओल्ड’ म्हणजे जुना की म्हातारा?

दोन्ही, आणि बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. मराठीत घर जुनं असतं, आजोबा म्हातारे असतात. ‘जुना मित्र’ पंचवीस वर्षांचाही असू शकतो आणि ‘म्हातारा मित्र’ कालच ओळख झालेला असू शकतो. इंग्रजीकडे दोन्हींसाठी एकच शब्द, त्यामुळे अर्थ जागेवरून ओळखावा लागतो. ‘ॲन ओल्ड फ्रेंड’ म्हटलं की मैत्री जुनी. ‘माय फ्रेंड इज ओल्ड’ म्हटलं की मित्र म्हातारा.

माझ्या वर्गातल्या एका बाईंनी निरोपसमारंभाच्या कार्डावर ‘टु माय ओल्ड टीचर’ असं प्रेमाने लिहिलं होतं. शिक्षिका चाळिशीच्या. चूक व्याकरणाची नव्हती, पण वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ लागतात आणि नको तो आधी लागतो. अशा वेळी ‘फॉर्मर टीचर’ लिहावं, किंवा सरळ ‘यू टॉट मी इन स्कूल’ असं सांगावं.

‘ओल्ड’चे आणखी तीन उपयोग लक्षात ठेवा, त्यांचा वयाशी काहीच संबंध नाही. ‘गुड ओल्ड’ म्हणजे आपला लाडका, नेहमीचा. ‘एनी ओल्ड थिंग’ म्हणजे काहीही चालेल, हाताला लागेल ते. ‘द सेम ओल्ड स्टोरी’ म्हणजे तीच ती रडकथा.

आणि ‘एज्ड’ या शब्दाचे उच्चार दोन आहेत. मुरवलेलं चीज ‘एज्ड’, पण वृद्ध गृहस्थ ‘एजिड’.

‘ओल्ड इज गोल्ड’ हे इंग्रजी बरोबर आहे का?

वाक्य बरोबर आहे, आणि भारतात ते सगळ्यांना कळतं. ‘जुनं ते सोनं’ आपल्या मनात इतकं पक्कं आहे की त्याचं हे यमक जुळणारं इंग्रजी रूप आपल्याला अस्सल इंग्रजी म्हणच वाटतं. पण लंडनच्या किंवा शिकागोच्या माणसाच्या तोंडी ते सहसा ऐकू येत नाही. जुन्या गाण्यांबद्दल ते ‘गोल्डन ओल्डी’ किंवा ‘ओल्डी बट गुडी’ म्हणतात. आजीच्या पितळी डब्याबद्दल किंवा पन्नास वर्षं चाललेल्या शिलाई मशीनबद्दल बोलायचं असेल तर ‘दे डोन्ट मेक देम लाइक दॅट एनी मोअर’. म्हणजे आता असं कोणी बनवत नाही.

तरी मी ‘ओल्ड इज गोल्ड’ चूक म्हणून खोडत नाही. ती भारतीय इंग्रजीची म्हण आहे, भारतीय माणसांशी बोलताना खुशाल वापरा.

फार फार जुनं, ‘बाबा आदमच्या काळातलं’, असं कसं म्हणायचं?

सगळ्यात सुरक्षित वाक्प्रचार म्हणजे ‘ॲज ओल्ड ॲज द हिल्स’, डोंगरांइतकं जुनं. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात ईयोबाला खोचकपणे विचारलेलं आहे की तूच का पहिला जन्मलेला माणूस, डोंगरांच्याही आधी घडवलेला? डोंगर हे जुनेपणाचं माप तिथे आधीपासून आहे. या वाक्प्रचारात कुणाचा अपमान नाही. चालीरीती, भांडणं, पाककृती, कशालाही चालतो.

‘ॲज ओल्ड ॲज मथुसेला’ मात्र माणसाच्या आयुर्मानाशी बांधलेला आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे मथुसेला ९६९ वर्षं जगला. त्याचं नाव इंग्रजीत इतकं रुजलं की कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटन्समधल्या ४,८०० वर्षांहून जुन्या पाइनच्या झाडाला तेच नाव आहे. मसादा या इस्रायलमधल्या किल्ल्यावर सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजली, त्या रोपाचं नावही तेच. वाइनच्या सहा लिटरच्या बाटलीलाही हेच नाव!

‘आउट ऑफ द आर्क’ म्हणजे नोहाच्या तारवातून, बायबलमधल्या जलप्रलयात तरलेल्या जहाजातून, आलेलं. हा ब्रिटिश वाक्प्रचार वस्तूंना लावतात आणि त्यात टिंगल असते. साहेबाच्या लॅपटॉपबद्दल म्हणून बघू नका. त्याचाच सुशिक्षित भाऊ म्हणजे ‘अँटीडिलूव्हिअन’. लॅटिनमधले ‘आधी’ आणि ‘महापूर’ हे शब्द जोडून तो बनला, म्हणजे जलप्रलयापूर्वीचा. तो मतांना आणि विचारांना लावतात, आणि लागतो तो जिव्हारी. ‘सिन्स द इअर डॉट’ म्हणजे शून्य सालापासून. हाही ब्रिटिश, घरगुती बोलण्यातला.

‘टाइम इमेमोरिअल’ला काही ठरलेली तारीख आहे म्हणतात, खरं का?

इंग्लंडच्या कायद्यात खरोखर आहे. आपण ‘अनादी काळापासून’ म्हणतो तेव्हा त्याला आरंभ नाही असंच आपल्याला म्हणायचं असतं. इंग्रज वकिलांना तेवढं पुरेना. एखाद्या वाटेवर किंवा कुरणावर माझा हक्क ‘आठवणीपलीकडच्या काळापासून’ आहे असं कोणी न्यायालयात सांगितलं, तर ती आठवण कुठवर मागे न्यायची? वेस्टमिन्स्टरच्या १२७५ सालच्या कायद्याने ती हद्द पहिल्या रिचर्ड राजाच्या राज्यारंभाला, म्हणजे ११८९ सालाला, नेऊन बांधली. त्याच्या आधीचं सगळं ‘आठवणीपलीकडचं’.

बोलण्यातल्या इंग्रजीत ही तारीख कोणी मनात धरत नाही. तिथे ‘सिन्स टाइम इमेमोरिअल’ म्हणजे आपलं पिढ्यान्‌पिढ्या. वाक्प्रचार भारदस्त आहे, प्रथा, यात्रा, हक्क यांना शोभतो. ‘टाइम इमेमोरिअलपासून हा फ्रिज आमच्याकडे आहे’ असं म्हणू नये.

व्हिंटेज, अँटिक आणि रेट्रो यांत फरक काय? दुकानदार तर तिन्ही एकाच कपाटाला लावतात.

फरक आहे, आणि पैसे मोजताना तो माहीत असावा.

‘अँटिक’ला वयाची अट असते. जगभरच्या व्यापारात साधारण शंभर वर्षांचा निकष मानतात. आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात हाच आकडा आहे: शंभर वर्षांहून कमी नसलेलं शिल्प, चित्र, नाणं, कारागिरीची वस्तू वगैरे. हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत, म्हणून परदेशी पाहुण्यांना सहज ‘अँटिक’ म्हणून काही भेट देऊ नका. जेमतेम जुनी समई असेल तर ती अँटिक नव्हे, ‘ओल्ड’ म्हणा.

‘व्हिंटेज’ हा शब्द द्राक्षमळ्यातून आला आहे. लॅटिनमध्ये द्राक्षतोडणीला जो शब्द होता तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि अमुक सालच्या द्राक्षांची वाइन असा अर्थ त्याला चिकटला. नाशिकच्या वाइनवाल्यांना हा मूळ अर्थ आजही रोजच्या कामाचा आहे. तिथे व्हिंटेज म्हणजे ‘जुनं’ नव्हेच, व्हिंटेज म्हणजे तोडणीचं साल. गेल्या वर्षीच्या वाइनलाही व्हिंटेज असतं. पुढे चांगल्या सालची वाइन जपून ठेवतात, त्यावरून ‘जुनं पण आपल्या काळातलं उत्तम’ हा अर्थ तयार झाला. मोटारींच्या जगात तो नेमका आहे. ब्रिटनमध्ये व्हिंटेज मोटार म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची, १९३० सालापर्यंतची. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. कपड्यांच्या बाजारात मात्र वीस वर्षांपूर्वीची जीन्सही व्हिंटेज म्हणून खपवतात.

‘रेट्रो’ वस्तू नवीन असते, फक्त घडण जुन्या वळणाची. गोल डायलचा पण ब्लूटूथवाला रेडिओ हा रेट्रो. तो व्हिंटेजच्या भावाने घेऊ नका.

जुनं म्हणजे ‘आता कालबाह्य’ असं सांगायचं असेल तर?

इथे उतरंड आहे. सौम्य शब्द ‘डेटेड’. त्यातून एवढंच कळतं की वस्तू कुठल्या काळातली आहे ते दिसून येतं. ‘ओल्ड-फॅशन्ड’ तर माया लावूनही म्हणता येतो, ‘ओल्ड-फॅशन्ड मॅनर्स’ हे कौतुकच आहे. ‘ओल्ड हॅट’ म्हणजे एके काळी नवल होतं, आता त्याचा कंटाळा आलाय. ‘पास्ट इट्स सेल-बाय डेट’ दुधाच्या पिशवीवरून आलेला, कल्पना आणि धोरणं यांना लावतात. ‘हॅज सीन बेटर डेज’ हा माझा आवडता, कारण तो वस्तूची लाज राखतो. सोफ्याचे कुशन बसले आहेत, रंग उडाला आहे, पण एके काळी तो घराची शोभा होता, हे सगळं त्यात येतं. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’ नाटकात राजपाट गमावलेला उमराव आपण बरे दिवस पाहिले आहेत असं म्हणतो, तिथेही हाच भाव आहे.

‘डायनोसॉर’ मात्र जपून. हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये घडवला. पुढे तो बदलायला तयार नसलेल्या माणसाला आणि संस्थेला चिकटला. कुणालाही तोंडावर म्हणण्यासारखा नाही.

‘लाँग इन द टूथ’ म्हणजे दात लांब? त्याचा वयाशी काय संबंध?

हा प्रश्न शहरातले विचारतात, बैलबाजार पाहिलेले विचारत नाहीत. आपल्याकडे खोंडाचं वय दातांवरूनच सांगतात: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. घोड्याचंही तसंच. वय वाढतं तशी हिरडी मागे सरते आणि दात लांब दिसू लागतात. घोडेबाजारातला हा आडाखा इंग्रजीने माणसांना आणि यंत्रांना लावला. ‘दिस लॅपटॉप इज गेटिंग अ बिट लाँग इन द टूथ’ हे अगदी सहज बोललं जातं. माणसाबद्दल म्हटलं तर टोचतं.

याच बाजारातली दुसरी म्हण म्हणजे ‘डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’, भेट आलेल्या घोड्याचं तोंड उघडून पाहू नये. आपल्याकडे तिची जोड तयार आहे: ‘धर्माची गाय अन् दात का नाय!’ एकीकडे घोडा, एकीकडे गाय, पण जनावर घेताना दोघांचीही नजर पहिली जाते ती तोंडाकडे.

वयस्कर माणसांबद्दल बोलताना काय टाळावं?

‘ओव्हर द हिल’ (उमेद सरलेला), ‘नो स्प्रिंग चिकन’ (आता काही तरुण नाही), ‘मटन ड्रेस्ड ॲज लॅम्ब’ (तरुणींसारखं नटलेली प्रौढ बाई), ‘ओल्ड बॅग’ (खाष्ट म्हातारी) हे चारही टाळा. तिसरा आणि चौथा तर बाईमाणसाचा उघड अपमान आहे. चित्रपटांत ते हसत हसत येतात म्हणून आपणही वापरावेत असं नाही. ‘नो स्प्रिंग चिकन’ माणसं स्वतःबद्दल म्हणतात, तेवढं चालतं.

‘द ओल्ड’ किंवा ‘ओल्ड पीपल’पेक्षा ‘ओल्डर पीपल’ सौम्य. ‘एल्डर्ली’ आता काही जणांना आवडत नाही. ‘सीनियर सिटिझन’ आपल्याकडे ‘ज्येष्ठ नागरिक’ इतकाच रुळला आहे. थोरला भाऊ ‘एल्डर ब्रदर’, ‘ओल्डर ब्रदर’ही चालेल, पण ‘बिग ब्रदर’ म्हटलं की काहींना जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीतलं पाळत ठेवणारं सरकार आठवतं.

मग ‘मुरलेला’, ‘जुनं खोड’ असं कौतुक इंग्रजीत कसं करायचं?

‘सीझन्ड’ हा ‘मुरलेला’चा सगळ्यात जवळचा शब्द. आपला माणूस लोणच्यासारखा मुरतो. ‘सीझन्ड’ हा शब्द मसाल्यात घोळलेल्या पदार्थाला लावतात आणि नीट वाळवून पक्क्या केलेल्या लाकडालाही. असं लाकूड पुढे वाकत नाही, तडकत नाही. मुरलेला वकील, मुरलेला राजकारणी, मुरलेला तबलजी, सगळ्यांना ‘सीझन्ड’ शोभतो.

‘ॲन ओल्ड हँड’ म्हणजे ज्याचा हात बसलेला आहे तो. ‘शी इज ॲन ओल्ड हँड ॲट ऑडिट्स’ ही शाबासकी आहे, बाईंचं वय तीस असलं तरी. ‘जुनं खोड’ म्हणताना आपल्या मनात जो आदर आणि किंचित धाक असतो, तो ‘अ वेटरन’मध्ये बराचसा उतरतो. ‘ओल्ड स्कूल’ बोलणाऱ्याच्या सुरावर अवलंबून. ‘ही इज ओल्ड स्कूल’ हे तरुणांच्या तोंडी बहुतेकदा कौतुक असतं, पण कंपनीच्या बैठकीत तेच तक्रार होऊ शकतं.

‘शिळ्या कढीला ऊत’ याला इंग्रजीत काय म्हणतात?

शब्दाला शब्द मिळणार नाही, आणि मिळवायचा प्रयत्नही करू नये. कुठली कढी आहे ते बघा.

मिटलेलं भांडण पुन्हा उकरून काढलं असेल तर ‘रेकिंग अप द पास्ट’. जुनाच लेख, जुनंच भाषण थोडं हलवून पुन्हा वाढलं असेल तर ‘रीहॅश’. तोच विषय चावून चावून चोथा झाला असेल तर ‘डन टु डेथ’. दरवर्षी स्नेहमेळाव्याच्या वेळी सांगितला जाणारा तोच विनोद म्हणजे ‘ॲन ओल्ड चेस्टनट’. आणि ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून विषय संपवायचा असेल तर ‘दॅट्स एन्शंट हिस्टरी’, मग गोष्ट मागच्या दिवाळीची का असेना.

‘फ्लॉगिंग अ डेड हॉर्स’ इथे बऱ्याच जणांना आठवतो. तो वेगळा. त्यात मेहनत फुकट जाण्यावर भर आहे, शिळेपणावर नाही.

‘ब्रँड न्यू’ की ‘ब्रँडेड न्यू’?

‘ब्रँड न्यू’. दुसरं रूप दुकानांच्या पाट्यांवर सर्रास दिसतं, कारण ‘ब्रँड’ म्हणजे कंपनीचं नाव असं वाटतं. पण या शब्दातला ‘ब्रँड’ म्हणजे आग, जळतं लाकूड. भट्टीतून नुकतं निघालेलं, अजून धग असलेलं, ते ‘ब्रँड न्यू’. शेक्सपिअर याच अर्थी ‘फायर-न्यू’ म्हणतो. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये त्याने विनोदांनाच टाकसाळीतून निघालेले ‘फायर-न्यू’ म्हटलं आहे.

मला इथे नेहमी ‘कोरं करकरीत’ आठवतं. इंग्रजांचं नवेपण लोहाराच्या भट्टीतून आलं, आपलं विणकराच्या मागावरून. कोरं म्हणजे पाणी न लागलेलं कापड, अजून खळ न गेलेलं. करकर हा नव्या वहाणांचा, नव्या नोटेचा आवाज. म्हणून ‘ब्रँड न्यू’चं भाषांतर करताना ‘अगदी नवीन’वर थांबू नका, ‘नवं कोरं’ लिहा.

‘स्पिक अँड स्पॅन’ म्हणजे तर चकाचक. तो या यादीत का?

कारण तो आधी ‘स्पिक अँड स्पॅन न्यू’ होता. ‘स्पिक’ म्हणजे खिळा, ‘स्पॅन’ म्हणजे लाकडाची ढलपी. सुताराने नुकतंच बनवून ठेवलेलं, खिळ्यांसकट नवं. डच भाषेत नव्याकोऱ्या वस्तूला आजही ‘स्पिकस्प्लिंटरनीव’ म्हणतात. इंग्रजीत मागचं ‘न्यू’ गळून पडलं आणि अर्थ स्वच्छतेकडे सरकला. आज जुनं घरही घासूनपुसून ‘स्पिक अँड स्पॅन’ असू शकतं.

वापरलेली वस्तू ऑनलाइन विकताना ‘मिंट कंडिशन’ लिहू का?

खरंच तशी असेल तर. मिंट म्हणजे टाकसाळ, मुंबईच्या फोर्ट भागात आहे तशी. तिथून निघालेलं, कुणाच्या हाताला न लागलेलं नाणं ही ‘मिंट’ची मूळ कल्पना. टपाल तिकिटं जमवणारे तर मिंट म्हणजे न वापरलेलं, मागे मूळचा डिंक शाबूत असलेलं तिकीट असाच अर्थ घेतात. तेव्हा कोपऱ्यात ओरखडा असलेला मोबाइल मिंट नव्हे.

उतरत्या क्रमाने सांगते. ‘मिंट’ म्हणजे डागच नाही. ‘लाइक न्यू’ म्हणजे वापरली आहे, पण सांगितल्याशिवाय कळणार नाही. ‘ॲज गुड ॲज न्यू’ हे दुरुस्त करून पुन्हा ठीक झालेल्या वस्तूलाही चालतं. ‘जेंटली यूज्ड’ म्हणजे वापराच्या खुणा आहेत, थोड्या. ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे उघडून, भाग बदलून, तपासून पुन्हा विकायला काढलेली. ‘प्री-ओन्ड’ आणि ‘प्री-लव्ह्ड’ हे ‘सेकंड-हँड’लाच घातलेले चांगले कपडे आहेत, त्यांतून वस्तूची अवस्था काहीच कळत नाही. घेणारे असाल तर हे शब्द वाचून फोटो मागा. विकणारे असाल तर साधं ‘यूज्ड’ लिहून खुणा कुठे आहेत ते सांगा, ग्राहक टिकतो.

थोरल्याचा शर्ट धाकट्याला, त्याला ‘हँड-मी-डाउन’ म्हणतात. ज्या घरांत तीन भावंडं वाढली त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

‘नव्याचे नऊ दिवस’ इंग्रजीत आहे का?

आहे, आणि तिथेही नऊच! ‘अ नाइन डेज वंडर’. नवल नऊच रात्री टिकतं असं चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने लिहिलं आहे. १६०० साली विल केम्प नावाचा विनोदी नट लंडनपासून नॉरिचपर्यंत नाचत गेला. मधे विश्रांतीचे दिवस धरून त्याला काही आठवडे लागले, पण नाचाचे दिवस नऊ, आणि त्याने आपल्या पुस्तिकेला हेच नाव दिलं.

आकडा जुळला तरी वापर पूर्ण जुळत नाही. इंग्रजी वाक्प्रचार गावभर गाजून विरणाऱ्या बातमीला, माणसाला लावतात. आपले नऊ दिवस घरातही येतात: नवी व्यायामशाळा, नवा मोबाइल, नव्या नोकरीतला उत्साह. तिथे इंग्रजीत ‘द नॉव्हेल्टी विल वेअर ऑफ’ म्हणा. नव्या नोकरीच्या किंवा नव्या सरकारच्या सुरुवातीच्या गोड दिवसांना ‘हनिमून पीरियड’.

नवा अधिकारी येऊन पहिल्याच आठवड्यात सगळं बदलू लागला तर ‘अ न्यू ब्रूम स्वीप्स क्लीन’. नवा झाडू स्वच्छ झाडतो ही म्हण जॉन हेवुड यांच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात आहे. आपलं ‘नवा गडी, नवं राज्य’ त्याच्या जवळ जातं.

‘बेस्ट थिंग सिन्स स्लाइस्ड ब्रेड’: कापलेल्या पावाचं एवढं काय?

आपल्याला पाव कापलेलाच माहीत, म्हणून हे विचित्र वाटतं. ऑटो रोहवेडर या अमेरिकन माणसाने पाव कापणारं यंत्र बनवलं आणि ७ जुलै १९२८ रोजी मिझुरी राज्यातल्या चिलिकोथी गावच्या बेकरीने यंत्राने कापलेला पाव पहिल्यांदा विकायला ठेवला. सकाळी डबे भरणाऱ्या बायकांची किती मिनिटं वाचली असतील याचा विचार करा. दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकी सरकारने कापलेल्या पावावर बंदी घातली. गृहिणींनी इतका आवाज उठवला की मार्चमध्ये ती उठवावी लागली.

आज हा वाक्प्रचार कुठल्याही नव्या, मनापासून आवडलेल्या गोष्टीला वापरतात. ‘माझ्या सासूबाईंना हा व्हिडिओ कॉल म्हणजे बेस्ट थिंग सिन्स स्लाइस्ड ब्रेड’ असं म्हणालात तर बरोबर.

अद्ययावत तंत्रज्ञानासाठी कुठला शब्द?

‘स्टेट ऑफ द आर्ट’ म्हणजे त्या विद्येची आजची पायरी. इथला ‘आर्ट’ म्हणजे चित्रकला नव्हे, कसब. ‘कटिंग एज’ त्याहून पुढचं, धारेवरचं. आणि ‘ब्लीडिंग एज’ इतकं नवं की वापरणाराच कापला जाईल. रुग्णालयाच्या जाहिरातीत हा शेवटचा चुकूनही लिहू नका. ‘न्यूफँगल्ड’ यांत बसत नाही. तो नव्याला नाक मुरडणारा शब्द आहे, ‘ही कसली नवी थेरं’ या सुरातला.

‘न्यू इनोव्हेशन’ मात्र खोडून टाका. ‘इनोव्हेशन’च्या पोटात लॅटिनचं ‘नोव्हुस’ आहे, म्हणजे नवं, आणि ते आपल्या ‘नव’चं सख्खं भावंड आहे. जाता जाता, आपला ‘जुना’ संस्कृतातल्या ‘जूर्ण’वरून आला. ‘जरा’, ‘जीर्ण’ त्याच घरातले, आणि म्हातारपणाच्या आजारांवरचं ‘जेरियाट्रिक्स’ हे ग्रीक घराण्यातून आलेलं त्यांचं दूरचं नातलग.

‘नव्या बाटलीत जुनी दारू’ बरोबर की उलट?

मूळ उलट आहे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की नवा द्राक्षारस जुन्या बाटल्यांत कोणी भरत नाही, त्या फुटतात. काचेची बाटली कशी फुटेल असा प्रश्न पडतो, कारण १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘बॉटल’ शब्द आहे. पण त्या कातड्याच्या पिशव्या होत्या. जुनं कातडं ताणत नाही आणि आंबणारा रस फुगतो. मराठी बायबलने इथे ‘बुधला’ हा शब्द वापरला आणि कातड्याचा बुधला माहीत असलेल्या वाचकाला तो दाखला पहिल्या झटक्यात कळला.

नव्या वेष्टनात तोच जुना माल, हा आजचा ‘ओल्ड वाइन इन अ न्यू बॉटल’ नंतर उलटवून तयार झाला. तोही बरोबर आहे, पण अर्थ निराळा, तेव्हा बायबलचा हवाला देऊन तो वापरू नका.

ऑफिसात ‘ग्रँडफादर्ड’ म्हणतात, त्यात आजोबा कुठून आले?

नवा नियम आला, पण जुन्या लोकांना जुनाच लागू राहिला, तर ते ‘ग्रँडफादर्ड’. शेअर बाजारात पैसे असलेल्या मराठी माणसाला हा शब्द २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर कळला. दीर्घकालीन नफ्यावर कर आला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा त्यातून सुटला, त्याला ‘ग्रँडफादरिंग’ म्हटलं गेलं.

त्या शब्दामागची हकिकत कडू आहे. अमेरिकेत गुलामी संपून कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळाल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी मतदारांवर साक्षरतेच्या आणि मालमत्तेच्या अटी लादल्या. मग अडाणी, गरीब गोऱ्यांचं काय? लुइझिआनाने १८९८ मध्ये सूट ठेवली: ज्याच्या बापाला किंवा आजोबाला १८६७ च्या आरंभी मताचा हक्क होता त्याला अट नाही. गुलामांच्या नातवाला ही सूट मिळणं शक्यच नव्हतं. १९१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं घटनाबाह्य ठरवली. शब्द मात्र राहिला. माझं मत विचाराल तर अमेरिकी सहकाऱ्यांना पत्र लिहिताना ‘लेगसी’ किंवा ‘एक्झेम्प्ट’ लिहा. अर्थ तोच पोचतो आणि कुणाच्या आजोबांची जखम उघडी पडत नाही.

नवशिक्या माणसाला काय म्हणावं?

‘वेट बिहाइंड द इअर्स’ म्हणजे कानामागे अजून ओलं, नुकतं जन्मलेलं वासरू. आपलं ‘ओठावरचं दूध वाळलं नाही’ तसंच, आणि तेवढंच हिणवणारं. ‘ग्रीन’ म्हणजे कच्चा. ‘न्यू ब्लड’ हे कौतुक. ‘फ्रेश ऑफ द बोट’ हे स्थलांतरितांना दिलेलं शिवीवजा नाव आहे, दुसऱ्याबद्दल वापरू नका. ‘फ्रेशर’ भारतात नोकरीचा अनुभव नसलेला, ब्रिटनमध्ये विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. तिकडच्या अर्जात ‘नो प्रायर एक्सपीरिअन्स’ लिहा.

नावातच ‘न्यू’ असेल आणि वस्तू जुनी झाली तर?

नाव तसंच राहतं, त्याला भाषेची हरकत नसते. ऑक्सफर्डचं न्यू कॉलेज १३७९ सालचं आहे. पॅरिसमधला ‘पाँ नफ’, म्हणजे नवा पूल, १६०७ मध्ये पुरा झाला आणि आज सेन नदीवरचा तिथला सगळ्यात जुना उभा पूल तोच. आणि पुण्यात महापालिकेजवळचा, शंभरी ओलांडलेला शिवाजी पूल जुन्या पुणेकरांना विचारा. ते रिक्षावाल्याला अजूनही ‘नव्या पुलावरून घ्या’ असंच सांगतात.